चौथ्या कडव्याचं शुद्धिपत्र

"तुम्ही कोर्टात खोटं बोलता ते पोटासाठी. इथं कशासाठी बोलताय?"

हे मास्तर म्हणाले. त्यावर वकीलसाहेब म्हणाले, "आणि तुम्ही पोरांना पाढे शिकवता, ते तरी तुम्हाला धड येतात का? चालले राष्ट्रगीत लिहायला!"

मी फळीच्या अलीकडे बसले होते. छापखान्यात माझं काम घड्या घालायचं. मशीनवरून छापून आलेला मोठा कागद पट्टीनं दाबून दुमडायचा, एकदा, दोनदा, तीनदा, की सोळा पानं बरोबर ओळीत येतात. मग सुई-दोऱ्यानं शिवायचं. हात कामात असले की कान मोकळे असतात. मालकांची खोली आणि आमची जागा यांच्यामध्ये लाकडाची फळी होती आणि तिला वरच्या अंगाला वीतभर फट होती. दुसरीपर्यंतच्या शाळेत मी जेवढं शिकले, त्याच्या दसपट त्या फटीतून शिकले.

भांडण गाण्यावरून होतं. परक्यांचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि नव्या सरकारनं नुकतंच एक गाणं सगळ्या देशाचं म्हणून जाहीर केलं होतं. ते गाणं आमच्याच छापखान्यातून निघालेल्या एका चिटुकल्या पुस्तिकेतलं. पुस्तिकेवर कवीचं नाव नव्हतं. त्या काळात नाव घालणं म्हणजे पोलिसाला स्वतःहून घरचा पत्ता देणं. राज्य होतं तोवर ते गाणं अनाथ होतं. राज्य गेलं आणि एकदम दोन बाप उभे राहिले.

"पहिली तीन कडवी सोडा हो," वकीलसाहेब म्हणत होते. "चौथं घ्या. ते मला तुरुंगात सुचलं. भिंतीवर नखानं लिहिलं मी ते."

"नखानं! ते मला शाळेच्या पायरीवर सुचलं, वर्ग सुटल्यावर. चौथं कडवं म्हणजे माझं काळीज आहे."

"काळीज? तुमचं? तुम्ही पोरांना ज्या छडीनं झोडपता ती अजून गावभर फिरते आहे!"

"चहा घ्या दोघं," मालक म्हणाले. "निवतोय."

तेवढ्यात माझ्या पाठीमागं खळ्ळकन काहीतरी सांडलं. वळून पाहिलं तर माझे धाकटे दीर उभे, हातात खिळ्यांच्या ओळी लावायची स्टिक, आता रिकामी, आणि आठ ओळींचे खिळे फरशीवर. ते आमच्या छापखान्यातले जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारे. चौदा वर्षांत त्यांच्या हातून एक खिळा खाली पडलेला कुणी पाहिला नव्हता.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी," म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसून वेचायला लागले. वेचताना खिळे चुकीच्या खणात टाकत होते. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी भारी आहे.

आता त्यांच्याविषयी सांगते, कारण ज्यांच्याविषयी सगळेच सांगतात त्यांच्याविषयी मला काही सांगायचं नाही.

आमचे हे मशीन चालवायचे आणि भाऊजी जुळवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. मी दोन स्थळं आणली होती. एका मुलीला त्यांनी विचारलं, दिवसभरात किती बोलतेस? ती हसली, तर म्हणाले, हसण्याचं विचारलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला आणि तो नाद सोडला. अंगानं किडकिडीत, उजव्या हाताची बोटं कायम काळी. शाळेतलं मी विसरून गेले होते; मला वाचायला त्यांनीच शिकवलं, पण खिळ्यांवरून. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. त्यामुळे पुढं कितीतरी दिवस मला उलटं वाचता येई आणि सुलट वाचताना अडखळायला होई. आमचे हे म्हणायचे, "बरं झालं, तुझ्या डोक्याला शोभतं."

भाऊजींचा धर्म एकच. लेखकानं जे लिहिलंय ते जुळवायचं. "त्यानं गाढव लिहिलं तर गाढव, घोडा लिहिला तर घोडा," ते म्हणायचे. "मध्ये आपण खेचर करायचं नाही." मोठमोठे लेखक त्यांना म्हणायचे, काही खटकलं तर बदला हो. ते बदलायचे नाहीत. कागदावर बारीक खूण करून परत पाठवायचे. आणि काही चूक छापून गेलीच, तर पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवल्याशिवाय एक प्रत बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. "चूक कुणाकडूनही होते," म्हणायचे, "पण चिठ्ठी लावायची टाळली की ती चोरी होते."

त्या दिवशी दुपारी डबे उघडले तेव्हा त्यांनी घास हातातच धरला.

"वहिनी, ते दोघं ज्यासाठी भांडत होते ना, ते चौथं कडवं दोघांचंही नाही."

"मग कुणाचं?"

"कुणाचं नाही. मी घातलं."

मग मला सगळं आठवलं, कारण मीही तिथंच होते. लोकांना वाटतं असली छुपी कामं रात्री होतात. आमचे मालक हुशार. रात्री छापखान्यात दिवा दिसला की शिपाई डोकावणार. म्हणून त्यांनी ती पुस्तिका भर दुपारी छापली, लग्नपत्रिकांच्या ढिगात. एक पत्रिका, एक पुस्तिकेचा कागद, परत पत्रिका. आमच्यात एक कडक रीत होती. पानाच्या शेवटी जागा उरली तर ती उघडी सोडायची नाही, तिथं शिशाची फुलं लावायची. उघडं पान म्हणजे मालकांना उघड्या अंगानं रस्त्यावर आल्यासारखं वाटे. पण त्या दिवशी फुलांचे दोन्ही डबे रिकामे. सगळी फुलं, सगळ्या वेली लग्नपत्रिकांच्या चौकटीत अडकलेल्या. आणि शेवटच्या पानावर गाण्याखाली बरोबर चार ओळींची जागा उरली होती.

दाराशी उभे राहून मालक ओरडत होते, "जुळवलेला फर्मा द्या रे मशीनवर, फर्मा द्या, शिपाई चहाला गेलाय तोवर!" आमचे हे मशीनवर हात ठेवून उभे. आणि भाऊजींनी, ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या मजकुरात टिंब घातलं नव्हतं, त्यांनी कागद न घेता, सरळ खिळे उचलून चार ओळी जुळवल्या:

दार लावू नको आई, येतील सारे घरी,
पाय थकले असतील त्यांचे, सांज झाली जरी;
ज्याचे नाव कुणा न ठावे, त्याचेही वाढ ताट,
शेवटचा तो येईतोवर पाहू त्याची वाट.

"आणि हे सुचलं कुठून तुम्हाला?" मी विचारलं.

"सुचतंय कुठलं? आईचं बोलणं जुळवलं."

खरंच होतं. माझ्या सासूबाईंना दिवेलागणीला कुणी दाराला कडी घातलेली खपायची नाही. "अगं, यायचंय अजून कुणीतरी," म्हणायच्या, आणि एक ताट जास्तीचं मांडायच्या. कोण यायचंय ते त्यांनाही ठाऊक नसायचं. पुष्कळदा कुणी यायचंही नाही, आणि ते ताट आमचे हे संपवायचे.

भाऊजींना वाटलं होतं, शेवटच्या पानावरच्या चार ओळी कोण वाचतो? पण गाणं गावोगाव गेलं. मिरवणुकीत लोक पहिली तीन कडवी म्हणायचे आणि चौथ्याला रडायचे. नाकापेक्षा मोती जड झाला.

मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. "भाऊजी! म्हणजे राष्ट्रगीत तुमचं! उठा, आत जा, सांगा त्या दोघांना!"

"हळू बोला. माझं काय आहे त्यात? एका माणसानं विश्वासानं आपलं गाणं आमच्या हाती दिलं, आणि त्याच्या घरात मी माझं गाठोडं नेऊन ठेवलं. आता लोक त्याचं घर सोडून गाठोड्याच्याच पाया पडतायत."

"पण कोण तो माणूस? वकील की मास्तर?"

त्यांनी डबा बंद केला. जेवलेच नाहीत. म्हणाले, "हाच तर घोळ आहे. कागद कुणीतरी दाराखालून सरकवलेला, जांभळ्या पेन्सिलीचा होता. बारीक, डावीकडं कललेलं अक्षर. या दोघांची अक्षरं मी शंभरदा जुळवलीयत, त्यातलं नव्हतं. आणि विचार करा वहिनी, ज्याचं खरं गाणं, त्याला छापलेली पुस्तिका हातात आल्या दिवशीच कळलं असणार, की हे चौथं कडवं माझं नाही! हे दोघं तर त्यालाच कवटाळून बसलेत. म्हणजे तिसराच कुणीतरी आहे. आणि तो मुकाट बसलाय."

तो मूळ कागद असता तर प्रश्नच नव्हता. पण पोलिसाच्या भीतीनं मालकांचा हुकूम होता, जुळवून झालं की कागद पुस्तकं चिकटवायचा सरस तापवतो त्या शेगडीत.

त्या दिवसापासून भाऊजींना एकच हवं होतं. सरकारनं एक शुद्धिपत्र छापावं: चौथं कडवं मूळ गाण्यातलं नाही, ते काढावं. तसं छापून आलं की तो खरा माणूस, जिथं कुठं असेल तिथून, पुढं येईल, कारण मग त्याच्याकडं तीनच कडवी असली तरी त्याला कुणी खोटा म्हणू शकणार नाही. मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, लपवण्यात काय अर्थ. मला भाऊजींचं नाव हवं होतं. पुस्तकात, पाटीवर, पोरांच्या तोंडी. घरात एवढा मोठा माणूस आणि बाहेर कुणी ओळखत नाही, हे मला गिळवत नव्हतं.

आधी ते मालकांकडे गेले. मालक म्हणाले, "म्हणजे मी जगाला सांगू, की आमच्या छापखान्यात लेखकाच्या गाण्याला शेपूट जोडून मिळतं? काम कोण देईल मला?"

मग वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वा! म्हणजे मास्तर खोटा, अशी साक्ष द्याल?"

"देईन. तुम्हीही खोटे, अशीही देईन."

वकीलसाहेबांनी खुर्ची परत मागितली.

मास्तरांनी तर दारातच उभं केलं. म्हणाले, "वकिलानं पाठवलं ना तुला? अरे, कविता म्हणजे काय खिळे आहेत, खणातून उचलले आणि लावले?"

"हो," भाऊजी म्हणाले. "त्या चार ओळी तशाच लावल्यात."

तेवढ्यात सरकारनं एक समिती नेमली, कवी कोण ते ठरवायला. भाऊजी कपडे धुवून, इस्त्री करून तिच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "हक्काचा अर्ज की हरकतीचा? हक्काचा पांढरा, हरकतीचा पिवळा."

"हक्क नाही सांगायचा मला. माझं आहे ते परत घ्यायचंय."

"त्याला रंग नाही," कारकून म्हणाला, आणि मागच्या माणसाला पुढं घेतलं.

ते रिकाम्या हातानं घरी आले. आमच्या ह्यांनी समजावलं, "अरे, पिवळा तरी घ्यायचास." तर म्हणाले, "दादा, पिवळ्यावर लिहावं लागतं की अमक्याचा हक्क खोटा आणि तमक्याचा खरा. खरा कोण ते मला कुठं ठाऊक आहे? ठाऊक नसलेलं मी लिहू?"

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. एवढं सोवळं जगात चालतं का? दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी सरसाचे हात धुतले आणि त्याच कचेरीत गेले. खिडकीशी उभं राहून पांढरा कागद मागितला. हो, पांढरा. उलट्या-सुलट्या अक्षरांत भाऊजींचं नाव लिहिलं, 'चौथ्या कडव्याचे कवी' असं लिहिलं, खाली माझी सही ठोकली, आणि दिला. येताना मला वाटत होतं मी किल्ला जिंकला.

महिन्याभरानं बोलावणं आलं. भाऊजींना वाटलं, कारकुनाला पाझर फुटला. आनंदानं निघाले आणि मलाही घेऊन गेले. पांढऱ्या अर्जाचं त्यांना सांगायचं होतं. वाटेत दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

लांब टेबल, तीन साहेब, बाजूच्या खुर्च्यांवर वकीलसाहेब आणि मास्तर, दोघांमध्ये एक खुर्ची मोकळी.

मधल्या साहेबांनी पांढरा कागद उचलला. "तुमचा हक्काचा अर्ज आहे."

"नाही साहेब. मी हक्क सांगितलेला नाही."

"मग हे काय?"

भाऊजींनी कागद पाहिला. माझं अक्षर त्यांनीच घडवलेलं, त्यांना वळून माझ्याकडं बघावंही लागलं नाही. "घरातल्या माणसाची चूक आहे," म्हणाले.

"म्हणजे कडवं तुमचं नाही?"

"कडवं माझंच आहे. हक्क नाही. ते गाण्यातून काढून टाका, एवढंच म्हणणं."

साहेबांनी चष्मा काढला. "आजवर सव्वीस जण आले. सगळे म्हणाले, गाणं माझं आहे. गाणं माझं आहे म्हणून काढून टाका, असं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

सगळे हसले. वकीलसाहेब म्हणाले, "साहेब, माणूस भ्रमिष्ट आहे." मास्तर म्हणाले, "अगदी बरोबर, भ्रमिष्ट आहे." दोन वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

"जांभळ्या पेन्सिलीचा कागद होता साहेब," भाऊजी म्हणत होते. "ती व्यक्ती कुठंतरी असेल. तुम्ही फक्त छापा, मग..."

"अर्ज हक्काचा आहे आणि अर्जदार हक्क नाही म्हणतोय," साहेब कारकुनाला म्हणाले. "मागं घेतला असं लिहा. पुढचे."

निकाल लागला. गाणं वकीलसाहेब आणि मास्तर दोघांच्या नावानं जोडीनं लागलं. आणि निकालाच्या शेवटी एक वाक्य होतं, ते भाऊजींना पाठ झालं होतं: 'दावेदार क्रमांक सत्तावीस यांनी आपला दावा स्वतः मागे घेतला असल्याने चौथ्या कडव्याबाबत कोणताही वाद उरलेला नाही.'

म्हणजे त्यांनी जे सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला, त्याचंच दार त्या वाक्यानं कायमचं लागलं, आणि कडी माझ्या हातची.

घरी आल्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "वहिनी, पांढरा का उचललात?"

"तुमचं नाव व्हावं म्हणून."

"मी मागितलं होतं?"

त्यानंतर वीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खोली एवढीशी, ताटाला ताट लागायचं, पण बोलणं सगळं आमच्या ह्यांच्या मार्फत. "दादा, त्यांना सांग, आमटीत मीठ नाही." हे म्हणायचे, "ऐकलं गं?" मी म्हणायची, "त्यांना सांगा, मिठाचा डबा त्यांच्याच कोपराशी आहे." शेवटी आमचे हे ताट घेऊन उठले. "मी काय टपालखातं आहे?" म्हणाले. तेव्हा कुठं भाऊजी हसले आणि बोलणं सुरू झालं. पण त्या पांढऱ्या कागदाविषयी नंतर आम्ही दोघांनीही शब्द काढला नाही, आणि न काढलेला शब्द घरात किती जागा अडवतो ते मला विचारा.

पुढं माझ्या मुलाच्या शाळेत बक्षिसांचा कार्यक्रम होता. मास्तर तोवर तिथले मुख्याध्यापक झाले होते, मंचावर मधोमध बसलेले. शेवटी राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं सुरू झालं आणि भाऊजी खाली बसले.

चारशे माणसं उभी आणि मधोमध एक माणूस बसलेला. मी त्यांचा सदरा ओढला. "उठा! भाऊजी, लोक बघतायत!"

"तीन कडव्यांना उभा होतो ना? माझ्याच ओळींना मी उभा राहू? एवढा निर्लज्ज नाही मी."

गाणं संपलं आणि गलका झाला. कुणी कॉलर धरली, कुणी म्हणालं देशद्रोही. मास्तर मंचावरून नुसते पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असायला हवा होता, पण मला तिथं दुसरंच काही दिसलं, भीतीसारखं. दिसलं असेल किंवा मला दिसावंसं वाटलं असेल.

पोलीसचौकीत फौजदारानं माफीनामा लिहून ठेवला होता, फक्त सही हवी होती. भाऊजींनी तो वाचला आणि खिशातली पेन्सिल काढली.

"हे काय करताय?" फौजदार म्हणाला.

"इथं लिहिलंय की आज माझ्या हातून गाण्याचा अपमान झाला. तो आज नाही झाला, पुस्तिका छापली त्या दिवशी झाला. ती तारीख घालतो."

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले. त्यानं पेन्सिल काढून घेतली, सही घेतली आणि म्हणाला, "बाई, यांना कार्यक्रमाला आणत जाऊ नका."

मुलगा कितीतरी दिवस काकाबरोबर रस्त्यानं चालायचा नाही. मी त्याला दोष दिला नाही. मला भाऊजींचाही राग यायचा. मनात म्हणायची, असाल खरे, पण खरं इतकं टोचेल असं धरावं का? मग रात्रीची भांडी आवरताना पांढरा कागद आठवायचा आणि राग उलटा माझ्याच अंगावर यायचा.

त्यानंतर ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सरकारी दप्तरखान्यात अर्ज द्यायला लागले. विषय एकच: 'राष्ट्रगीताचे शुद्धिपत्र छापणेबाबत.' दप्तरखान्यात अर्ज घेतात आणि शिक्का मारून पोच देतात. पुढं तो अर्ज कुठं जातो ते देवाला ठाऊक. तिकडून उत्तर आल्याचं मी पाहिलं नाही. पोच आणून ते भिंतीवरच्या तारेत खोचायचे. एक तार भरली की दुसरी. छापखाना बंद पडला, मालक गेले, वकीलसाहेब गेले, मास्तर गेले, आमचे हे गेले. खिडकीतले कारकून चारदा बदलले. सोमवार चुकला नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "आता कुणाशी भांडताय? ज्यांनी खोटं सांगितलं ते गेले, आणि ज्याचं खरं होतं तोही एव्हाना गेला असेल."

"असेल," म्हणाले. "पण त्याची लेकरं असतील. ती शाळेत ते गाणं दुसऱ्यांच्या नावानं पाठ करत असतील."

लेकरांचं म्हणाल तर आमच्याच घरात एक नमुना झाला. नात चौथीत होती. परीक्षेत प्रश्न आला, चौथ्या कडव्यातली आई म्हणजे कोण? तिनं लिहिलं, 'आमची पणजी.' शून्य मिळालं. बाईंनी लाल शाईनं लिहिलं, 'आई म्हणजे मातृभूमी, दार म्हणजे सीमा, ताट म्हणजे समान हक्क.' नात रडत आली. भाऊजींनी ती लाल ओळ दोनदा वाचली.

"आजोबा, तुम्हीच तर सांगितलं होतं, पणजी म्हणून!"

"चुकलंच माझं," म्हणाले. "बाईंनी सांगितलं तसं लिहीत जा. मार्क घालवू नकोस." आणि बाहेर जाऊन बसले. मी मागून गेले तर म्हणाले, "वहिनी, ताट म्हणजे समान हक्क म्हणे. आईला कळलं असतं तर म्हणाली असती, आधी घासून ठेवा."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण त्यांचं हसू अर्ध्यातच थांबलं. त्यांनी त्याच दिवशी, महिना संपायला अकरा दिवस असताना, पुढच्या अर्जाचा मसुदा लिहायला घेतला.

शेवटच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर होते. शेवटचा म्हणून नव्हे, ते कुणाला कळतं? त्यांचे गुडघे दुखत होते आणि दप्तरखान्याला जिने फार. अर्ज हातानं लिहिलेला, पण अक्षर असं की छापल्यासारखं. सकाळी दोनदा वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम दिला.

खिडकीत नवीन मुलगी होती, दोनएक वर्षांपासून. त्यांना पाहून तिनं शिक्क्याच्या शाईची डबी आधीच उघडून ठेवली. "या आजोबा. आज आजीपण?"

"जिन्यासाठी आणलंय," भाऊजी म्हणाले.

"मला उचलून आणलंय की मी तुम्हाला, ते सांगा आधी," मी म्हटलं.

मुलगी हसली. तिनं अर्ज घेतला, तारीख घातली, शिक्का मारला, पोच फाडून दिली. भाऊजींनी पोचेवरची तारीख तपासली, आणि मग दर वेळी विचारायचे ते विचारलं. हे ते विचारतात हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

"कुणी आलं होतं का? त्या गाण्यासंबंधी? जुना जांभळ्या पेन्सिलीचा कागद घेऊन, किंवा नुसतंच विचारायला?"

मुलीनं उगाच नोंदवही उघडून पाहिली, तिला उत्तर ठाऊक असून. "नाही आजोबा. कुणी नाही."

"आलं तर माझे अर्ज दाखवाल ना? पत्ता सगळ्यांवर आहे."

"दाखवीन."

"सगळ्यात वरचा दाखवा. त्यात मजकूर नीट बसलाय."

ती हो म्हणाली. मागचा माणूस घाई करत होता, भाऊजींनी त्याला वाट दिली. आम्ही जिना उतरायला लागलो, ते कठडा धरून, मी त्यांचा दंड धरून. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी पोचेची घडी घातली, एकदाच, मधोमध, आणि वरच्या खिशात ठेवली.

"वहिनी, तिसऱ्या परिच्छेदात 'विनंती' दोनदा आलंय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात एक काढतो."

"काढा," मी म्हटलं. "आता पायरी बघा."